तळघराची भिंत: नाशिकच्या जमिनीत शटरिंग आणि भराई

नाशिकमध्ये मोठा बंगला बांधायचा म्हटलं की आता तळघर जवळपास गृहीत धरलं जातं. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डीच्या बाजूला मळ्यांच्या जमिनीवर पडलेल्या लेआउटमध्ये खाली गाड्या, पाण्याच्या टाक्या, व्यायामाची खोली आणि वर दोन मजले हा नकाशा सर्रास दिसतो. फरशी आणि रंगावर महिनोन्‌महिने खल होतो. तीन मीटर माती आणि पावसाचं पाणी अडवून धरणारी भिंत मात्र सेंट्रिंगवाल्याच्या (काँक्रीटचे साचे बांधणाऱ्याच्या) अंदाजावर एका दिवसात भरून मोकळे होतात. ती मातीआड गेली की बाहेरून हात लावायची सोय उरत नाही. म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

हिशेबासाठी एकच उदाहरण धरू. बाहेरून १२ बाय १० मीटरचं तळघर, राफ्टवर (तळाच्या सलग काँक्रीटच्या थरावर) ३ मीटर उंच आणि २५० मिमी जाड आरसीसी भिंत, काँक्रीट एम-३० प्रतीचं. मध्यरेषेवर भिंतीची लांबी ४३ मीटर भरते.

आधी जमीन. आपल्याकडे वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या (मऊ खडक) आणि त्याखाली काळा पाषाण असा थर बहुतेक ठिकाणी लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीला टेकली तर दरवर्षी ढकलत राहते. खोदलेली काळी माती साइटवर साठवूच नका, नाहीतर शेवटी भिंतीमागे तीच जाते. दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात पाणी मुरमातून झिरपतं, खडकावर अडतं आणि त्या सांध्यातून आडवं वाहतं. मे महिन्यात कोरडा ठणठणीत दिसणारा खड्डा ऑगस्टमध्ये कडेने पाझरायला लागतो. गोदावरी किंवा नासर्डीच्या जवळचा प्लॉट असेल तर विचारायलाच नको. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा काठच्या जमिनीतली पातळीही वर आलेली असते. खोदाईपूर्वी शेजारच्या विहिरीची पावसाळ्यातली पातळी विचारून घ्या. मळ्याची जमीन असेल तर बुजवलेली विहीर आहे का, हेही विचारा.

पाण्याने फरक किती पडतो? भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर ३ मीटर खोलीवर तळाशी चौरस मीटरला साधारण २.७ टन दाब येतो, म्हणजे दर मीटर लांबीला एकूण चार टन. त्याच मुरमात पाणी वरपर्यंत भरलं तर तळाचा दाब ४.२ टनांवर आणि एकूण भार सव्वासहा टनांवर जातो. म्हणजे दीडपटीहून जास्त. डिझायनरने पाणी धरलं आहे का, हे ड्रॉइंग हातात पडतं त्याच दिवशी विचारा.

खोदाई भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून निदान ९०० मिमी जास्त हवी. "एवढी जागा कशाला वाया घालवायची," म्हणून खडक भिंतीच्या रेषेतच कापणारे भेटतात. मग बाहेरची शटर (काँक्रीट ओतायच्या साच्याची बाजू) बसवता येत नाही, टाय (दोन्ही शटर एकमेकींना बांधून धरणारी सळई) घालता येत नाही, वॉटरप्रूफिंग होत नाही, आणि ओल्या मालाचा, म्हणजे काँक्रीटचा, सगळा रेटा एकट्या आतल्या शटरच्या टेकूंवर येतो. २.८५ मीटर उंचीच्या भराईला (३ मीटरपैकी तळाचे १५० मिमी राफ्टबरोबरच भरले जातात, ते पुढे येईल) हा रेटा दर मीटर लांबीला १० टन होतो. बल्ल्यांच्या तिरक्या टेकूंनी तो पेलत नाही. काळ्या मातीचा थर असेल तिथे बाजू ४५ अंशांत उतरत्या घ्या आणि मातीचा ढीग कडेपासून दीड मीटर तरी लांब ठेवा.

आता तळाच्या वीतभर पट्ट्याकडे येऊ. तळघर गळतं ते बहुतेक इथूनच. राफ्ट आणि भिंत एकसाथ भरता येत नाहीत, त्यामुळे सांधा येणारच. हा सांधा राफ्टच्या पाठीवर ठेवू नका, १५० मिमी वर घ्या. म्हणजे राफ्टबरोबरच भिंतीच्या जाडीचा १५० मिमी उंच स्टार्टर भरायचा. राफ्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी घमेल्याने माल कालवून ओतलेला स्टार्टर नको. तो भुसभुशीत राहतो आणि एक सांधा वाढतो. स्टार्टरची शटर राफ्टच्या जाळीवर खुर्च्या (गज वाकवून केलेले आधार) लावून अधांतरी टांगावी लागते. फिटरला हे किचकट वाटतं, पण याला पर्याय नाही.

स्टार्टरच्या मधोमध २३० मिमी रुंदीची पीव्हीसी वॉटर बार (सांध्यात पाणी अडवणारी पट्टी) उभी धरायची: ११५ मिमी स्टार्टरमध्ये, ११५ वर मोकळी. तिच्या कडेच्या भोकांतून बाइंडिंग वायर ओवून दर ३०० मिमीवर दोन्ही बाजूंच्या गजांना ताणून बांधा. सैल राहिली तर माल पडताना एका बाजूला लवंडते आणि तिच्याखाली हवा अडकते. पट्टीला खिळे मारायचे नाहीत. दोन तुकड्यांचा जोड एकमेकांवर ठेवून चालत नाही. गरम पात्याने दोन्ही टोकं वितळवून जोडावी लागतात. कोपऱ्यात ती दुमडू नका, कोपऱ्याचा तुकडा जोडा. चारी बाजू फिरून पट्टी एकसंध झाली पाहिजे.

स्टार्टर भरून चार-सहा तासांनी, माल अजून कोवळा असताना, वरचं तोंड तारेच्या ब्रशने आणि पाण्याच्या फवाऱ्याने खडी दिसेपर्यंत घासून काढा. दुसऱ्या दिवशी हेच काम छिन्नीने करायला दहापट मेहनत लागते आणि वॉटर बारला घाव बसतो तो वेगळाच. त्यानंतर भिंतीचा गज बांधून होईपर्यंत आठ-दहा दिवस जातात. तेवढ्यात सांध्यावर मुरूम, लाकडाचा भुसा, तारेचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या साठतात. शटर बंद करताना आतल्या बाजूला तळाशी दर तीन मीटरवर हातभर खिडकी ठेवा, भराईच्या दिवशी सकाळी पाण्याच्या जोराने सगळं धुऊन काढा आणि मगच खिडक्या बंद करा. धुतलेलं पाणी सांध्यावर तुंबू देऊ नका.

गजाबद्दल थोडक्यात, कारण व्यास आणि अंतर डिझायनर ठरवतो. उभे गज राफ्टमधून वर काढताना लॅप (दोन गज एकमेकांशेजारी राहतात ती लांबी) व्यासाच्या ५० पट धरा, १२ मिमीला ६०० मिमी. मातीकडच्या बाजूला कव्हर (गजावरचा काँक्रीटचा थर) ५० मिमी, आत ४० मिमी, आणि ठोकळे सिमेंटचेच. विटेचे तुकडे नकोत, ते पाणी ओढतात. आडव्या गजात मात्र कंजुषी होते. साधारण भिंतीत काँक्रीटच्या छेदाच्या ०.२० टक्के लोखंड या नियमाने दोन्ही तोंडांना ८ मिमीचा गज २०० मिमीच्या अंतराने बसतो आणि तेच टाकलं जातं. पण राफ्टने तळाशी जखडलेली लांब भिंत आकसते तेव्हा उभ्या चिरा पडतात, आणि त्यातून पाणी येतं. पाण्याच्या टाकीचा ०.३५ टक्क्यांचा निकष धरला तर १० मिमी १७५ वर येतो. तळघराला मी हाच सुचवेन. कोपऱ्यात आतल्या तोंडाचा आडवा गज आतल्याच कोपऱ्यात वाकवू नका. तो सरळ पुढे नेऊन पलीकडच्या भिंतीच्या बाहेरच्या तोंडाला वळवा. आत वाकवलेला गज ताण आला की सरळ व्हायला बघतो आणि कोपरा उडवतो.

शटरिंग. ओला माल द्रवासारखा दाबतो: खोलीच्या दर मीटरला चौरस मीटरमागे अडीच टन. २.८५ मीटर एका दमात भरलं तर तळाशी सात टनांच्या वर. "खालचा माल सेट होतो, दाब कमी होतो," हे साइटवर मिसळलेल्या मालाच्या काळातलं गणित आहे. आता आरएमसीमध्ये (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटमध्ये) रिटार्डर, म्हणजे माल उशिरा सेट करणारं रसायन, असतो. तीन तासांत खालचा माल सेट होत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा तर मुळीच नाही. त्यामुळे पूर्ण उंचीचाच दाब धरा.

या दाबाला १२ मिमीचा प्लाय ३०० मिमीवर लावलेल्या रनरमध्ये (प्लायमागच्या आधाराच्या पट्ट्यांमध्ये) पोट काढतो. १८ मिमीचा फिल्म-फेस प्लाय घ्या आणि तळाच्या मीटरभरात उभे रनर २५० मिमीवर लावा. १२ मिमीच वापरायचा असेल तर अंतर २०० च्या आत हवं. त्यावर आडवे दुहेरी चॅनल, आणि चॅनलच्या जोडीतून टाय.

टायचा हिशेब बारकाईने बघा, कारण शटर फुटते ती इथे. टाय आडवे-उभे सरसकट ६०० वर आणि पहिली ओळ ३०० उंचीवर घेतली तर तळाच्या एका टायवर सव्वादोन टनांच्या वर ओढ येते. १२ मिमीच्या साध्या सळईला आटे पाडून बनवलेला टाय या ओढीला ताणला जातो. आट्यांच्या खोबणीत लोखंड उरतंच किती? म्हणून पहिली ओळ सांध्यापासून २०० वर, दुसरी ६५० वर, त्यापुढे १२५०, १८५०, २४५० अशा ओळी घ्या. ओढ पावणेदोन टनांच्या आसपास येते. टाय १६ मिमीचा, विंग नटाखाली जाड वॉशर प्लेट. चॅनलच्या फटीत शिरणारा पातळ वॉशर म्हणजे टाय नसल्यासारखाच.

४३ मीटरला ६०० च्या अंतराने ७२ उभ्या रांगा, पाच ओळी. म्हणजे ३६० टाय. ही भिंतीतली ३६० संभाव्य भोकं आहेत. वरच्या मजल्यावर टाय पीव्हीसी पाईपमधून घालतात आणि नंतर ओढून काढतात. तळघराला ही पद्धत नको. आरपार भोक सिमेंटने भरलं तरी पाईपच्या बाहेरून पाणी वाट काढतं. इथे मध्यभागी गोल पत्रा चहूबाजूंनी वेल्ड केलेला टाय वापरा, जो भिंतीतच राहतो, आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकचे शंकू. शटर काढल्यावर शंकू काढायचा, खळग्यातला गज तोंडापासून ३०-४० मिमी आत कापायचा आणि खळगा न आकसणाऱ्या मॉर्टरने ठासून भरायचा. बाइंडिंग वायर आरपार घालून शटर आवळणं आणि जाडी राखायला लाकडी तुकडे आत सोडणं, दोन्ही सरळ बंद करा. लाकूड कुजतं आणि तिथून धार लागते.

शटर आणि स्टार्टर यांच्या फटीला फोमची टेप लावा. सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबून भागत नाही. दाबाखाली पातळ रस निसटतो आणि नेमकी सांध्यावरची खडी उघडी पडते. ओळंबा दर दोन मीटरला घ्या, वरच्या कडेला दोरी ताणा आणि ती भराई संपेपर्यंत तशीच ठेवा. तिरके टेकू भिंत ओळंब्यात ठेवायला असतात. दाब टायने घ्यायचा असतो.

भराईचा दिवस. स्टार्टर सोडून माल लागतो साडेतीस घनमीटर. ६ घनमीटरच्या पाच गाड्या आणि वर थोडा. पाचवी गाडी अर्धी रिकामी झाली की टेपने उरलेली उंची मोजून शेवटच्या गाडीचा आकडा कळवा. एक गाडी चारी बाजू फिरवून ओतली तर भिंत सगळीकडे ५५ सेंटीमीटर चढते. म्हणजे एक गाडी, एक थर. गाडीमागे ३५-४० मिनिटं धरली की चढण्याचा वेग तासाला मीटरच्या आत राहतो. एकाच कोपऱ्यात ओतून व्हायब्रेटरने माल पुढे ढकलत नेऊ नका. खडी मागे राहते, रस पुढे जातो.

गाडी द्वारका चौकातून येणार असेल तर गर्दीची वेळ टाळा. प्लांटवर भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे, त्यामुळे चलनावरची वेळ बघूनच माल घ्या. एप्रिल-मेमध्ये भराई दुपारी चारनंतर सुरू करा.

स्लंप, म्हणजे ओला माल किती खचतो त्याचं माप, १२० ते १५० मिमी. आपल्याकडची क्रश सँड बेसॉल्टची, कोनदार. माल हाताला रखरखीत लागतो आणि मुकादम लगेच पाण्याचा पाईप मागतो. ६ घनमीटरच्या गाडीत १०० लिटर पाणी म्हणजे घनमीटरमागे जवळपास १७ लिटर. ३५० किलो सिमेंटच्या मालात पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ वरून ०.५० वर जातं, ताकद घटते आणि आकसण्याच्या चिरा वाढतात. माल घट्ट आला तर प्लांटच्या माणसाकडून ॲडमिक्श्चरचा (माल सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस मागा, ड्रम पाच मिनिटं फिरवा, पुन्हा स्लंप घ्या.

पंपाची लाइन ओली करायला आधी जी स्लरी सोडतात ती भिंतीत पडू देऊ नका, बाहेर काढा. सांधा ओलसर असावा पण त्यावर पाणी नसावं, आणि पहिला वीतभर थर १० मिमी खडीच्या, सिमेंट जास्त असलेल्या मालाचा घ्या. त्यासाठी प्लांटकडून वेगळा अर्धा-एक घनमीटर मिळत नसेल तर साइटवर मिक्सरमध्ये बनवा. मोठी खडी वॉटर बारच्या दोन्ही अंगांना नीट बसत नाही.

उंचीवरून माल सोडताना दीड मीटर ही मर्यादा. २५० च्या भिंतीत दोन्ही कव्हर आणि दोन जाळ्या वजा केल्या की मध्ये जेमतेम ११५ मिमी मोकळे उरतात. पंपाची चार इंची रबरी नळी, तिची जाडी धरून, तिथे शिरत नाही. तीन इंची नळी जोडून घ्या, किंवा आतल्या शटरला दीड मीटरवर खिडक्या ठेवा, तिथून खालचा अर्धा भाग भरा आणि मग खिडक्या बंद करा. या खिडक्यांच्या झडपा आधीच कापून, चॅनलच्या पाचरींसकट तयार हव्यात. भर कामात सुतार करवत शोधायला निघाला की थर सुकतो.

व्हायब्रेटर ४० मिमी निडलचे (मालात बुडवायच्या थरथरत्या दांड्याचे) दोन चालू आणि तिसरा पेट्रोलवरचा राखीव. निडल दर ३५०-४०० मिमीवर उभी घाला, खालच्या थरात १००-१५० मिमी शिरू द्या, बुडबुडे थांबले की सावकाश वर काढा. झटक्यात काढली तर तिचं भोक तसंच राहतं. वॉटर बारपाशी दोन्ही बाजूंनी निडल द्या, पट्टीला टेकवू नका. एक माणूस फक्त शटरवर नजर ठेवायला हवा: नट, पाचरी, दोरी. कुठे पोट येताना दिसलं तर तिथली भराई थांबवा, वरचा थर दुसऱ्या बाजूला न्या, जादा चॅनल आणि टेकू द्या. आत आलेलं पोट हातोड्याने मागे ठोकू नका. माल ओला असताना एक नट उडाला की शेजारचे सुटत जातात, त्यामुळे ओतताना शटरच्या पायथ्याशी कुणालाही उभं राहू देऊ नका.

पंप बंद पडला आणि तासाभरात दुसरा येणार नसेल, तर थर आहे त्या उंचीवर आडवा सपाट करा. उतरता सोडला तर तिरका सांधा होतो, तो कधीच नीट जोडला जात नाही. दुसऱ्या दिवशी तोंड खरडून, धुऊन, स्लरी लावून पुढे जा आणि ती उंची वहीत नोंदवा. बाहेरून वॉटरप्रूफिंग करताना तिथे जादा पट्टी द्यायची आहे. या मापाच्या कामाला चार नमुने लागतात, एका नमुन्याचे तीन क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे). सात दिवसांच्या चाचणीसाठी जादा भरा.

शटर १६ ते २४ तासांनी काढायला नियमाची हरकत नाही, पण मी दोन दिवस थांबायला सांगेन, कडाक्याच्या थंडीत तीन. उभ्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाईपने पाणी मारून काही होत नाही, दहा मिनिटांत ती कोरडी. दोन्ही तोंडांवर गोणपाट सोडा आणि भिंतीच्या माथ्यावर ठिबकची १६ मिमीची लॅटरल (नळी) टाका. नाशिकमध्ये जुनी लॅटरल कुठल्याही बागाईतदाराकडे मिळते. टाकी वर ठेवली की रात्रभर थेंब थेंब पाणी चालू राहतं. पीपीसी सिमेंटचा किंवा फ्लाय ॲशचा माल असेल तर दहा दिवस किमान, चौदा उत्तम.

शटर निघाल्यावर खडी उघडी पडलेली दिसली तर लगेच प्लास्टर फिरवून झाकू देऊ नका. ठोकून घट्ट काँक्रीट लागेपर्यंत तोडा, कडा चौकोनी करा, ओलं करा आणि मायक्रो-काँक्रीट भरा. सांध्यावर पोकळी असेल तर नोझल बसवून ग्राउट दाबा. बाहेरून वॉटरप्रूफिंगचं मेम्ब्रेन, त्यावर संरक्षक बोर्ड, पायथ्याशी भोकांचा १५० मिमी पाईप, भोवती खडी आणि जिओटेक्स्टाइल (गाळ अडवणारं कापड), उतार शंभराला एक, शेवट सम्पमध्ये (पाणी उपसायच्या खड्ड्यात).

आणि भर, म्हणजे भिंतीमागची जागा बुजवणं. तळमजल्याचा स्लॅब भरून पक्का होईपर्यंत भिंतीमागे भर टाकू नका. डिझायनरने भिंत वर स्लॅबला टेकलेली धरली असेल आणि तुम्ही स्लॅबआधीच माती लोटली, तर तळाशी वाकवणारा मोमेंट अडीचपट होतो. भर मुरमाची, २०० ते २५० मिमीच्या थरांत, लहान प्लेट कॉम्पॅक्टरने. जेसीबी भिंतीपासून खड्ड्याच्या खोलीइतका लांब ठेवा.

मेमध्ये भिंत झाली आणि स्लॅबआधी पाऊस आला तर आणखी एक धोका असतो, ज्याचा विचार फार कमी जण करतात. ४०० मिमीचा राफ्ट १२० टन आणि भिंती ८० टन, म्हणजे ही उघडी पेटी २०० टनांची. तिच्याभोवतीच्या खड्ड्यात राफ्टच्या तळापासून पावणेदोन मीटर पाणी साठलं की वर उचलणारा जोर २१० टन होतो आणि सगळं तळघर एका बाजूने उचललं जाऊ शकतं. खड्ड्यातलं पाणी मीटरभराच्या वर जाऊ देऊ नका. दोन पंप ठेवा, त्यातला एक डिझेलचा. रात्रीत पंपांना पाणी आवरेनासं झालं तर तळघरातच पाणी सोडा आणि आतली पातळी बाहेरच्या बरोबरीने चढू द्या. पाऊस ओसरला की आधी बाहेरचं उपसा, मग आतलं.